दुपारी एक ते चार

राजकोटात दुपारी एक ते चार या वेळात कुणी मरत नाही, आणि चुकून मेलंच तर घरचे चारनंतर रडायला घेतात, असं लाभूभाई टांक म्हणायचे. लाभूभाईंचा बेअरिंगचा छोटा कारखाना होता आणि एक वाजला की आपली यंत्रंसुद्धा जांभया देतात, असा त्यांचा दावा होता. बाहेरच्या माणसाला ही अतिशयोक्ती वाटते. त्या माणसाने वैशाखात दुपारी अडीच वाजता या गावात एक सुई विकत घेऊन दाखवावी. दुकानं बंद, दवाखाने बंद, रिक्षावाले मागच्या सीटवर पाय बाहेर काढून पसरलेले. आणि त्या वेळी कुणी दाराची घंटी वाजवलीच तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आतून, डोळे न उघडता होतो. या सवयीची कुणाला लाज नाही. जेवणात ताक होतं, ताकाचा मान राखायला नको का, असं उलट विचारतात.

अमीधारा सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंबाखाली सिमेंटचं एक बाकडं आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला त्यावर तीन पुरुष बसत आणि समोर घरून आणलेल्या खुर्चीत एक बाई, आणि साडेआठपर्यंत चौघं मिळून राजकोटची सालटी काढत. लाभूभाईंकडे रस्ते होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक ओझासाहेब यांच्याकडे संस्कृतीचा ऱ्हास होता. मुक्ताबेन वसाणींच्या हातचे खाखरे अर्धी सोसायटी खाई. त्यांच्याकडे पाणी आणि पुरुषजात. चौथे चौदा नंबरचे जयसुखलाल रुघाणी, इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान विकून घरी बसलेले. त्यांना ठरावीक विषय नव्हता, ते सगळ्यालाच शिव्या देत. धूळ, ऊन, मोकाट गुरं, हॉर्न. आणि ज्याला त्याला आपल्या पोराला विमानात बसवायची घाई. एवढं बोलून झालं की चौघांना हलकं वाटे आणि कडकडून भूक लागे.

बाहेरच्याने मात्र तोंड उघडायचं नाही. एकदा ओझासाहेबांचे अहमदाबादचे साडू बाकड्यावर बसले आणि 'तुमच्याकडे धूळ फार हो' एवढंच म्हणाले. तुमच्या गावात पाहुण्याला अर्धा कप चहा देतात, यावरून चौघांनी त्यांना इतकं सुनावलं की बिचारे पूर्ण कप तसाच ठेवून उठून गेले.

जयसुखभाईंच्या मुलाचा, केयूरचा, बंगळुरूहून फोन आला तो अशाच एका संध्याकाळी. ऑफिसने आता घरून काम करायची मुभा दिली होती. घर कुठलंही असलं तरी चालणार होतं. मग राजकोटच का नको, असं केयूरला वाटत होतं. पण त्याची बायको मार्गी म्हणत होती की आधी आपण आठ दिवस राहून बघू, तिथे राहणाऱ्या लोकांना विचारू आणि मग ठरवू.

"लोकांना काय विचारायचंय?" जयसुखभाई म्हणाले. "मी सांगतो ना."

"पप्पा, तिचं कामच ते आहे."

ते खरं होतं. मोठमोठ्या कंपन्या मार्गीला पगार देत, आणि ती घरोघर फिरून बायकांना आमचा साबण तुम्हाला मनातून खरंच आवडतो का, हे विचारून येई. त्यात तिचं माहेर अहमदाबादचं, म्हणजे दहा जागी वाजवून बघितल्याशिवाय मडकंसुद्धा घ्यायची नाही. अशी सून गाव बघायला येणार होती.

फोन ठेवून त्यांनी पहिल्यांदा वरची खोली उघडली आणि झाडून काढली. त्यांची बायको विलासबेन गेल्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं या घराच्या उंबऱ्याशी त्यांच्या स्वतःच्या चपलेशिवाय दुसरी चप्पल रात्रभर राहिली नव्हती. केयूर, मार्गी आणि चार वर्षांची तिथी इथे राहायला आली तर... यापुढचा विचार त्यांनी केला नाही. त्याऐवजी बाकड्यावर सभा बोलावली.

"उद्यापासून तोंडाला कुलूप," ते म्हणाले. "सून येतेय, नात येतेय. सून विचारणार आहे. तिला सांगायचं, गाव चांगलं आहे."

"कुठलं गाव?" लाभूभाईंनी विचारलं.

विषय ज्याचे त्यालाच दिले, कारण शिव्या देऊन देऊन प्रत्येकाचा अभ्यास झालेला होता. फक्त उलटं बोलायचं होतं. तिथेच घोडं अडलं. लाभूभाई 'रस्ते उत्तम आहेत' इथपर्यंत येत आणि त्यांना हसू फुटे. ओझासाहेब दीड पान लिहून घेऊन आले. त्यात गावची स्थापना झाली होती, पण अजून वस्ती झाली नव्हती. मुक्ताबेनच्या अडचणी व्यवहारातल्या होत्या. पाणी रोज येतं हे सांगते, म्हणाल्या, पण वीस मिनिटंच येतं हे सांगू का? नको, जयसुखभाई म्हणाले. मग पहाटे पावणेसहाला येतं हे? ते तर मुळीच नको.

"मग पाण्याबद्दल सांगण्यासारखं उरलं काय?"

"ओलं असतं म्हणा," लाभूभाई म्हणाले.

जयसुखभाई चिडले. तुम्हाला थट्टा सुचतेय, म्हणाले, इथे माझं घर उभं राहायचं की नाही हा प्रश्न आहे. ते इतक्या जोरात बोलले की लाभूभाईंचं हसू मावळलं. मग मुक्ताबेननी, जमेल तेवढं खोटं बोलते, असं कबूल केलं आणि बाकीच्या दोघांनीही माना डोलावल्या.

मार्गी आली; केयूर कामामुळे बंगळुरूलाच थांबला होता. चष्मा, पाठीला सॅक, हातात तिथी आणि काखेत एक जाड वही. बोलायला गोड. पहिल्याच संध्याकाळी जयसुखभाई तिला बाकड्यावर घेऊन गेले. चेवडा होता, हिरवी चटणी होती, आणि चार माणसं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. मार्गीने सगळ्यांना काका, मासी म्हणून नमस्कार केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, राहायला कसं आहे इथे?

त्यानंतरच्या पाऊण तासात राजकोटची जी स्तुती झाली तशी राजाच्या दरबारातही कधी झाली नसेल. लाभूभाई म्हणाले की रस्ते असे गुळगुळीत आहेत, चालत्या स्कूटरवर बसून दाढी करावी. मुक्ताबेन म्हणाल्या, पाणी भरपूर आणि पुरुष देवमाणसं. हे म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ओझासाहेबांनी स्थापनेपासून सुरुवात केली. जयसुखभाई प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते आणि मार्गी वहीत लिहीत होती. शेवटी तिने पेनाचं टोपण लावलं.

"एवढं सगळं छान आहे," ती म्हणाली, "तर मग लाभूकाकांचे दोन्ही मुलगे कॅनडात का राहतात?"

 तिथी चेवड्यातले शेंगदाणे निवडत होती, तेवढाच आवाज येत होता.

"त्यांना थंडी मानवते," ओझासाहेब म्हणाले.

लाभूभाईंनी चटणीची वाटी उचलून बघितली आणि परत ठेवली. तेवढी एक ठेच सोडली तर कार्यक्रम उत्तम झाला, असं जयसुखभाईंना वाटलं.

पुढचे तीन दिवस त्यांनी गड राखावा तसा पहारा ठेवला. पहाटे मार्गी उठायच्या आत पाणी भरून, टाकी बंद करून, लादी पुसून ते पेपर वाचत बसत, जणू पाणी आपोआप येतं. सकाळी गरम गाठिये, तळलेल्या मिरच्या, पपईचा संभारा, म्हणजे फोडणीत परतलेला कच्च्या पपईचा कीस. बाहेर न्यायचं तर एकाच धड रस्त्याने न्यायचं, मग दोन मिनिटांवरच्या देवळाला वीस मिनिटं लागली तरी हरकत नाही. संध्याकाळी बाकडं. रविवारी संध्याकाळी या गावात चूल पेटत नाही, सगळं गाव बाहेर जेवतं, तेव्हा त्याचीही चिंता नव्हती. त्यांनी सकाळ बांधली, संध्याकाळ बांधली, रविवार बांधला. दुपारचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही. दुपारी काय होणार? दुपारी राजकोट नसतंच. अशी चूक मुंबईचा माणूस करणार नाही आणि अहमदाबादचा तर सात जन्मात करणार नाही.

चौथ्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचा रोटला आणि दोन पेले ताक घेऊन जयसुखभाई एक वीसला आडवे झाले. चार दहाला नेहमीसारखे उठले, तोंड धुतलं आणि चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले. मार्गी वहीत लिहीत होती. तिथी जमिनीवर पालथी पडून रंग भरत होती. दोघींचे चेहरे उन्हाने लाल झाले होते आणि पायांवर धुळीचे मोजे चढले होते.

"बाहेर गेला होतात?"

"जरा चक्कर मारली, पप्पा."

जयसुखभाईंना हसू आलं. या वेळी चक्कर मारून काय दिसणार, म्हणाले, कुणी भेटलंसुद्धा नसेल.

"भेटले की. बरेच भेटले. तिथीला घंटी वाजवायला फार आवडतं."

जयसुखभाईंचा कप ओठांशी थांबला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि लाभूभाई आत आले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, गालावर उशीचा वळ होता. त्यांनी मार्गीकडे बघितलं नाही. जयसुखभाईंचा दंड धरून त्यांना ओसरीत नेलं.

"घात झाला," ते म्हणाले.

झालं होतं असं. अडीच वाजता घंटी वाजली. वाजतच राहिली. लाभूभाईंना वाटलं आग लागली. बनियनवर दार उघडलं तर समोर मार्गी, आणि तिच्या कडेवरची तिथी घंटीवर बोट दाबून हसतेय. 'काका, एकच प्रश्न,' मार्गी म्हणाली, 'राहायला गाव कसं आहे?'

"आणि मी सांगितलं," लाभूभाई म्हणाले.

"काय सांगितलंस?"

"सगळं."

सगळं म्हणजे खरोखर सगळं. ज्या रस्त्यावर चालत्या स्कूटरवर दाढी करावी, त्याच रस्त्याने आपल्याला कमरेचा पट्टा लागला. कारखान्यात चाळिशीच्या आतला एक माणूस उरला नाही. शेजारी प्रेमाने जेवायला बोलावतात आणि दुसऱ्या घासाला पगार विचारतात. दोन्ही पोरांना आपण स्वतःच जा म्हटलं आणि विमानतळावरून परत येताना, सुटले एकदाचे, असं बायकोला सांगितलं. हे सगळं लाभूभाईंनी दाराच्या चौकटीला धरून, एका डोळ्याने बघत, पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं. नंतर जाग आली तेव्हा दोघी पुढच्या घरी पोचल्या होत्या.

एवढ्यात मुक्ताबेन आल्या. त्यांना पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. गाव एक ते चार झोपतं म्हणता, त्या म्हणाल्या, कोण झोपतं? तुम्ही झोपता. बाई भांडी घासून दोनला पाठ टेकते, साडेतीनला तुमच्या चहाचं आधण ठेवते. माझ्या त्या दीड तासात हिने घंटी वाजवली, मग मी खोटं कशाला बोलू? मुक्ताबेननी वीस मिनिटं सांगितली होती, पावणेसहा सांगितलं होतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे मोजणाऱ्या बायका सांगितल्या होत्या, आणि दुसरं मूल कधी हे विचारायला लोक पहिल्याचं बारसं संपायची वाट बघत नाहीत हेही सांगितलं होतं. ओझासाहेबांनी म्हणे दार धाडकन लावलं होतं आणि मग दोनदा उघडलं होतं, राहिलेले मुद्दे सांगायला. ते स्वतः आले नाहीत. तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप होता.

जयसुखभाई ओसरीतल्या झोपाळ्यावर बसले. त्यांना राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. तीस वर्षांचे शेजारी. फक्त आठ दिवस गोड बोलायला सांगितलं होतं.

"पण शेवटी मी तिला म्हटलं, तरी ये," मुक्ताबेन म्हणाल्या. "म्हटलं, गावाचं सोड. जयसुखभाई अकरा वाजल्यापासून टिफिनवाल्याची वाट बघत फाटकात उभे असतात. भूक लागते म्हणून नाही, दोन शब्द बोलायला. तो गाडी बंदसुद्धा करत नाही आणि हे बोलत राहतात."

"मीपण म्हटलं," लाभूभाई पुटपुटले. "गाव भिकार आहे, पण ये."

जयसुखभाईंना वाटलं, यापेक्षा रस्त्याचं बोललात तेवढंच बरं होतं. आपण फाटकात उभे असतो हे कुणी बघत असेल, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ते उठून आत गेले. आता एकच आशा होती, सून शहाणी आहे, समजून घेईल.

"बेटा," ते म्हणाले, "झोपेतल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं."

"पप्पा, चहा पाजून विचारलं की लोक वाईटातल्या वाईट साबणाचीही स्तुती करतात," मार्गी म्हणाली. "त्याला आम्ही किंमत देत नाही. बेसावध असताना विचारायचं, तेच धरायचं." तिने वही उघडली. "दहा घरं झाली. गावाला सगळ्यांनी नावं ठेवली. कुणी हातचं राखलं नाही. मी प्रत्येकाला दुसरा प्रश्न विचारला, आम्ही इथे राहायला येऊ का? नऊ घरांनी 'या' म्हटलं. दार लावता लावता म्हटलं, पण म्हटलं. 'नको' म्हणणारं एकच घर निघालं."

जयसुखभाईंचं रक्त तापलं. तीन नंबरचा पोपटभाई! गाडी लावण्यावरून दोन वर्षं वैर होतं, आणि आता हा असा डाव साधला. त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. "तीन नंबरच ना? त्याला मी आत्ता..."

"तीन नंबरने नारळपाणी दिलं. चौदा नंबर, पप्पा."

चौदा नंबर म्हणजे हेच घर. जयसुखभाई एका पायात चप्पल घालून उभे राहिले.

"मी?"

"तीन वाजून दहा मिनिटांनी. मी तुमच्या खोलीच्या दाराशी आले. म्हटलं, पप्पा, आम्ही इथे राहायला येऊ का? तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होतात. म्हणालात, नको."

मी झोपेत होतो, असं ते म्हणाले. म्हणूनच विचारलं, असं ती म्हणाली. मग त्यांनी ताकाला दोष दिला. उन्हाला दिला. स्वप्न पडत होतं, स्वप्नात कुणीतरी आणखी भरीत वाढत होतं, त्याला नको म्हटलं असेल, असंही सांगून बघितलं. मार्गी ऐकत होती. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि त्यानेच जयसुखभाईंचा धीर सुटत चालला.

"दादा नको म्हणाले," आजोबांना दादा म्हणणारी तिथी मान वर न करता म्हणाली. "मी ऐकलं." आणि तिने हत्तीला हिरवा रंग द्यायला घेतला.

जयसुखभाई खुर्चीत बसले. हा सगळा खटाटोप कुणी केला? खोली कुणी झाडली, पाणी कुणी लपवलं, तीस वर्षांच्या मित्रांना पोपटासारखं कुणी पढवलं? आणि गावात नऊ लोक 'या' म्हणत असताना 'नको' म्हणणारा निघाला तो हाच. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजेखाली आणखी काहीतरी होतं, आणि या वेळी ते दाबायला त्यांच्याजवळ स्तुतीचं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

"खरं आहे," ते म्हणाले.

मार्गीने पेन खाली ठेवलं.

"इथे पाणी वीस मिनिटं येतं. पावणेसहाला. तुला मुक्ताबेनने सांगितलंच असेल. वीस मिनिटांत खालची टाकी, वरची टाकी आणि पिण्याचं, एवढं एका माणसाने होत नाही. विलास एका नळाशी असायची, मी दुसऱ्या. ती गेल्यावर कितीतरी दिवस मी दोन्ही नळ सोडायचो आणि एकाचं पाणी वाहून जायचं. तिकडे कुणी उभंच नसायचं ना. एकट्याने पाणी भरायला शिकायला मला वर्ष लागलं, बेटा. आता जमतं." ते थांबले. "तुम्ही याल. मला आनंद होईल, वेडा होईन मी. आणि मग वर्षाने, दोन वर्षांनी तू म्हणशील, पप्पा, नाही जमत. तुझी चूक नसेल, गावच तसं आहे. तुम्ही जाल. मग मला परत पहिल्यापासून शिकता येणार नाही. भीती वाटते मला. तुम्ही येऊ नये असं वाटत नाही. येऊन जाऊ नये असं वाटतं."

एवढं ते विलासबेननंतर कुणाशी बोलले नव्हते. टिफिनवाल्याशीही नाही.

मार्गीने वही मिटली. यातलं काही तिने लिहिलं नाही. मग तिने फोन उचलला आणि केयूरला लावला, तिथेच, जयसुखभाईंच्या समोर.

"जूनमध्ये येऊ आपण," ती म्हणाली. "नाही, कायमचं मी म्हणत नाहीये. एक वर्ष. आणि हे मी पप्पांच्या देखत बोलतेय, म्हणजे मागाहून कुणी कुणाला फसवलं असं व्हायला नको." पलीकडून केयूरने काहीतरी विचारलं. "गाव ना? भिकार आहे. सगळे म्हणतात."

एक वर्ष. जयसुखभाईंनी मनातल्या मनात ते दोनदा म्हणून बघितलं. कायमचं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता, आणि एक वर्ष म्हटलं तर ते फार थोडं वाटलं. पण झालेला आनंद खरा होता, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

साडेसहाला ते बाकड्यावर गेले. ओझासाहेब शेवटी आले होते. तिघंही मयताला बसावं तसे बसले होते.

"येताहेत," जयसुखभाई म्हणाले. "जूनमध्ये. एका वर्षासाठी."

मुक्ताबेननी पदराने डोळे टिपले आणि लगेच, नळाशी दोन माणसं झाली म्हणजे आता तुमच्या लादीवर पाणी वाहणार नाही, असं म्हणाल्या. ओझासाहेबांना कंठ फुटला. माझ्या दुसऱ्यांदा दार उघडण्याने फरक पडला, त्यात मी मुद्देसूद बोललो होतो, असं त्यांचं मत पडलं. छे, मुक्ताबेन म्हणाल्या, माझ्या दोरीवरच्या कपड्यांनी पडला. बाईला बाईचंच पटतं. कुणाच्या शिव्यांनी सून वळली यावर दोघांची चांगलीच जुंपली. जयसुखभाईंना वाटलं, असं छान या बाकड्यावर कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

लाभूभाई त्यात पडले नाहीत.

"तिने घंटी वाजवून विचारलं तरी," ते थोड्या वेळाने म्हणाले. "माझ्या पोरांनी कधी विचारलंच नाही. आणि मीही अकरा वर्षं फोनवर तेच सांगतोय. रस्ते असे, धूळ अशी, इथे काय ठेवलंय, येऊ नका. 'पण या', हे पुढचं कधी म्हटलंच नाही."

"मग आता म्हण ना," ओझासाहेब म्हणाले. "तिकडे सकाळ असेल. लाव फोन."

लाभूभाईंनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि थोरल्याचा नंबर लावला.  पलीकडे आवाज आला, गाडीतून बोलतोय असा.

"काही नाही रे," लाभूभाई म्हणाले. "सहज केला. हो, हो, सगळं मजेत आहे. तू गाडी नीट चालव." आणि त्यांनी फोन खिशात ठेवून दिला.

ओझासाहेबांनी रस्त्याकडे बघितलं. मुक्ताबेननी खुर्ची जरा मागे सरकवली. जयसुखभाई लाभूभाईंच्या शेजारीच होते, गुडघ्याला गुडघा लागून. तेवढ्यात चौदा नंबरच्या फाटकातून तिथीने दादा म्हणून हाक मारली, मग आणखी मोठ्याने मारली. लाभूभाईंना काहीतरी म्हणायला हवं होतं हे जयसुखभाईंना कळत होतं. पण तिथी बोलावत होती, आणि ते उठून गेले.